बाहिर दारचा घास

बाहिर दार हे नाव सांगितले तेव्हा आमच्या घरी पहिला प्रश्न आला, "बाहेर दार, मग आत काय?" अम्हारिक भाषेत त्याचा अर्थ समुद्रकाठ. समुद्र कसला, इथिओपियाच्या उत्तरेकडील ताना सरोवराच्या काठचे हे शहर. निळी नाईल निघते ती याच सरोवरातून. २०१५ च्या नोव्हेंबरात तिथल्या चाळीस तरुण शिक्षक-शिक्षिकांचे पाच दिवसांचे शिबिर घ्यायला मी गेलो होतो.

पहिल्या व्याख्यानाचा विषय होता वेळेचे नियोजन. "उद्या नऊला सुरुवात!" असे मी चांगले बजावून ठेवले होते. सकाळी नऊला पाहतो तो सभागृहात अवघे पाच जण. बाकीची मंडळी अवतरली दुपारी तीनला, आणि तीही हसतमुखाने! मी मनगटावरचे घड्याळ पुढे केले. एकाने आपलेही पुढे केले. त्यात बरोबर नऊ वाजले होते. मग उलगडा झाला. तिकडे दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. आपल्या सकाळच्या सातला त्यांचा एक वाजतो आणि भर दुपारी बाराला सहा. आपले आजोबा-पणजोबाही घटका सूर्योदयापासूनच मोजत, पण ते आठवायला मला आफ्रिकेत यावे लागले. पंचांगही निराळेच. तीस-तीस दिवसांचे बारा महिने आणि उरलेल्या पाच-सहा दिवसांचा तेरावा! सन चालू होता २००८. विमानाच्या एका तिकिटात सात वर्षांनी तरुण झालो, तेव्हा रागावणार कुणावर?

खरी पंचाईत झाली बुधवारी. तिथल्या ख्रिस्ती लोकांचा बुधवार आणि शुक्रवार उपवासाचा; म्हणजे मांस नाही, अंडे नाही, दूधही नाही. माझ्यासारख्या शाकाहाऱ्याची चंगळच. भल्या मोठ्या थाळीत इंजेरा पसरलेला होता. तेफ नावाच्या बारीक धान्याचे पीठ दोन-तीन दिवस आंबवून घातलेले हे जाळीदार घावन. त्यावर मसुरीचे लालभडक कालवण आणि 'शिरो'. नावावर जाऊ नका, हा शिरा नव्हे. हे चक्क पिठले! पाच-सहा जणांनी एकाच थाळीत जेवायचे. तेवढे मी मनाची समजूत घालून केले. इतक्यात शेजारच्या तरुण शिक्षिकेने इंजेऱ्यात शिरो गुंडाळून एक घास केला आणि थेट माझ्या तोंडापाशी आणला.

तिच्या उष्ट्या हाताचा घास. मी मान मागे घेतली. विचार करून नव्हे, तशी ती आपोआप गेली. लहानपणी उष्ट्या-खरकट्याचे जे धडे गिरवले होते, ते पन्नाशीतही असे जागे होतात. तिचा हात क्षणभर तसाच राहिला, मग तिने तो घास निमूटपणे थाळीच्या कडेला ठेवला. थाळीभोवतीची बडबड थांबली. आणि त्याच सकाळी मी दीड तास बोललो होतो, दुसऱ्याच्या चालीरीतींचा मान कसा राखावा यावर!

या घासाला 'गुर्शा' म्हणतात, हे नंतर एका तरुणाने समजावून सांगितले. तो माया म्हणून, मान म्हणून भरवायचा. आपल्याकडे लग्नात नवरा-नवरी एकमेकांना घास देतात, तिकडे त्यासाठी लग्न लागत नाही एवढेच. मी त्या मुलीची माफी मागितली. ती म्हणाली, "सर, संध्याकाळी आमच्या घरी कॉफीला या."

घरी तिची आजी होती. पांढरी शाल पांघरलेली, ताठ बसलेली. आधी जेवण. आजीने काही न विचारता मोठा थोरला घास माझ्यापुढे धरला. मी डोळे मिटून तोंड उघडले. तिखटाने डोळ्यांत पाणी आले. लगेच दुसरा! एकाच घासाने भांडण होते म्हणे.

मग कॉफी. जमिनीवर हिरवे गवत अंथरले होते, धूप जळत होता. मुलीने हिरव्या बिया धुऊन समोरच भाजल्या, धुराचा वास प्रत्येकाला दिला, खलात कुटल्या आणि मातीच्या काळ्या सुरईत उकळल्या. कॉफी तीनदा होते. तिसऱ्या पेल्याला 'बरका' म्हणजे आशीर्वाद म्हणतात, त्याआधी उठायचे नाही.

दुसऱ्या पेल्याला आजीने नातीकरवी विचारले, "तुमच्या मुलखात आमचे कुणी होते का?" मी मलिक अंबरची हकीकत सांगितली. गुलाम म्हणून विकला गेलेला त्यांच्याकडचा मुलगा आमच्या अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला, त्याने खडकी शहर वसवले, मोगलांना वर्षानुवर्षे झुंजवले आणि १६२६ साली तो तिकडेच वारला. आजीने सगळे ऐकून घेतले. मग तिने विचारले, "त्याला तिथे घास कोण भरवत होते?"

मला उत्तर सुचले नाही. थाळीत थोडा इंजेरा उरला होता. मी त्याचा घास करून त्या मुलीपुढे धरला. माझ्या बोटांना सवय नाही. अर्धा शिरो तिच्या शालीवर सांडला. आजी पदराने डोळे पुसत हसत सुटली आणि तिने तिसरा पेला भरला.