पंप बंद असतो तेव्हा

"पाणी आपोआप उताराकडे जाते. त्याले इंजिनिअर कायले पाहिजे?" बाबांनी फोनवर विचारलं. यवतमाळच्या माणसाचा हा प्रश्न रास्तच आहे. आमच्या गावाच्या नावातच माळ आहे, समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटर वर. आम्हाला चिंता नळाच्या पाण्याची. २०१८ साली निळोणा धरण तळाला गेलं तेव्हा सांडपाण्याचा विषय काढायलाही पाणी नव्हतं.

मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. गेल्या वर्षी आमच्या टीमकडे काम आलं: कोकणातल्या एका किनाऱ्यालगतच्या वस्तीसाठी दाबाने वाहणाऱ्या सांडपाण्याच्या पाईपलाईनचं गणित करणारा प्रोग्राम.

किनाऱ्यावर उतारच नसतो. उतार द्यायचा तर चर खोल खोल न्यावा लागतो, आणि थोडं खणलं की खारं पाणी लागतं, वाळू ढासळते. म्हणून सांडपाणी एका विहिरीत गोळा करायचं आणि पंपाने बारीक पाईपातून ढकलायचं. याला रायझिंग मेन म्हणतात. मुंबईत हेच प्रचंड आकारात चालतं. वरळीच्या लव्हग्रोव्ह उदंचन केंद्रातून सांडपाणी उपसून समुद्रात तीन किलोमीटरहून आत सोडतात. आमची वस्ती दीड हजार माणसांची.

गणित सोपं वाटलं. माणशी रोज १३५ लिटर पाणी, त्यातलं ८० टक्के सांडपाणी. तीस वर्षांनंतरची लोकसंख्या धरायची. २०० मिलिमीटरचा पाईप, तीन किलोमीटर लांब. गाळ बसू नये म्हणून वेग सेकंदाला एक मीटर. सगळ्या चौकटी हिरव्या झाल्या. मी चहा प्यायला गेलो.

परत आल्यावर, काही कारण नसताना, आजचा आकडा टाकून पाहिला. दीड हजार माणसांचं सांडपाणी दिवसाला १ लाख ६२ हजार लिटर. त्या वेगाने पंप दिवसभरात मिळून जेमतेम दीड तास चालणार. म्हणजे उरलेले साडेबावीस तास पाईपातलं सगळं जागच्या जागी. पाईपात ९४ हजार लिटर मावतं, म्हणून घरातून निघालेला मैला टोकाला पोचायला सरासरी चौदा तास. पहिल्या वर्षी निम्म्याच घरांनी जोडणी घेतली तर अठ्ठावीस. पंप चालतानाचा वेग बरोबर होता, म्हणून चौकट हिरवी. पंप बंद असताना काय होतं, हे प्रोग्रामला मी विचारलंच नव्हतं.

बंद पाईपात हवा नसते. मैला कुजतो, हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, आणि पाईप जिथे मॅनहोलमध्ये मोकळा होतो तिथे तो वायू बाहेर पडतो. काँक्रीटही खातो. या वायूची एक वाईट खोड आहे. थोडा असला तर सडक्या अंड्यांचा वास येतो, जास्त झाला की नाकच बधिर होतं. वास येईनासा होतो.

हे वाचलं आणि मला आमचं अंगण आठवलं. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. संडासची टाकी तुंबली होती. एक माणूस दोर आणि बादली घेऊन आत उतरला. थोड्या वेळाने आतून म्हणाला, "आता वास नाई येऊन राह्यला." आई म्हणाली, बरं झालं. आम्हाला वाटलं, हवा आली. तो वर आला तेव्हा कडुनिंबाखाली बसून ओकला. मग त्याने चहा प्यायला, वेगळ्या कपात. हाताने मैला साफ करायला लावण्याविरुद्धचा पहिला कायदा तेव्हाही होता, १९९३ चा. नंतर २०१३ चा आला. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने गटारातल्या मृत्यूची भरपाई ३० लाख केली. आमच्या अंगणातला माणूस जगला, एवढंच मला माहीत आहे.

प्रोग्राममध्ये मी दोन रकाने वाढवले: पहिल्या दिवशी किती घरं, आणि मैला पाईपात किती तास. उपाय आहेत. आत्ता बारीक पाईप टाकून दुसरा नंतर जोडायचा, किंवा टोकाच्या मॅनहोलची हवा बाहेर काढण्याची सोय करायची. त्याने खर्च वाढतो. बैठकीत विचारलं गेलं की हे ग्राहकाने मागितलं होतं का. नव्हतं. वाद तासभर चालला, रकाने राहिले.

बाबांना हे सगळं सांगितलं. ते गप्प झाले. मी विचारलं, "बाबा, त्याचं नाव आठवते का तुम्हाला?"

"नाई गा," ते म्हणाले. "कप आठवते. निळ्या काठाचा होता."