अमेरिकेतले बिऱ्हाड

परदेशात बिऱ्हाड करणारे जोडपे एकाच विमानातून उतरले, तरी दोघे एकाच वेगाने रुळत नाहीत. एकाला नोकरी किंवा शिक्षण तिथे ओढून नेते, दुसरे त्याच्या पाठोपाठ जाते. पहिल्याला सकाळी उठून जायला ठिकाण असते, नावाने हाक मारणारी चार माणसे असतात. दुसऱ्याच्या वाट्याला घर येते आणि घराबाहेरचा सुनसान रस्ता. अमेरिकेतल्या मराठी संसारांचा इतिहास सुमारे एकशेचाळीस वर्षांचा आहे. ही तफावत त्यात पुन्हा पुन्हा दिसते, आणि मागे कोण पडणार हे दर वेळी नवऱ्या-बायकोच्या स्वभावावर ठरते असेही नाही. बऱ्याचदा ते सरकार ठरवते.

सर्वांत ठळक जुने उदाहरण आनंदीबाई आणि गोपाळराव जोशी यांचे. तिथे क्रम उलटा होता: बायको आधी गेली, नवरा मागून. आनंदीबाई ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी गोपाळरावांचे पत्र एका मिशनरी मासिकात वाचले होते आणि त्यातून ही ओळख जुळली होती. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. पहिला उन्हाळा या मावशीकडे बरा गेला. खरी परीक्षा फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात दाखल झाल्यावर सुरू झाली. राहायला मिळालेल्या खोलीतली शेगडी धड नव्हती. पेटवावी तर खोली धुराने भरे, न पेटवावी तर हाडे गोठत. खाणे शाकाहारी. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात आणि थंडीही लागते, म्हणून त्या गुजराती वळणाने पातळ नेसू लागल्या. एवढ्याशा बदलाचीही नवऱ्याशी पत्रोपत्री चर्चा झाली.

गोपाळराव १८८५ मध्ये अमेरिकेत पोचले. बायकोने शिकावे, परदेशी जावे, हा ध्यास मुळात त्यांचाच होता. पण तोवर आनंदीबाईंना तिथली माणसे, तिथले शिष्टाचार, तिथली थंडी यांची दोन वर्षांची सवय झालेली होती, आणि गोपाळराव मात्र नवखे होते. त्यांनी अमेरिकन समाजावर आणि मिशनऱ्यांवर जाहीर ताशेरे ओढायला सुरुवात केली. टीकेतले काही मुद्दे रास्तही असतील, पण आनंदीबाईंनी जिव्हाळ्याने जोडलेल्या माणसांपुढे त्यामुळे त्यांचीच पंचाईत झाली. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना वैद्यकाची पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. त्याच वर्षी दोघे परत निघाले आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने आनंदीबाई गेल्या. त्यांच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यातल्या पौकीप्सीच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत आहेत. या जोडप्यातले कोण अमेरिकेत रुळले होते, हे यावरून कळते.

पुढची ऐंशी वर्षे अमेरिकेत मराठी संसार असा जवळजवळ नाहीच. श्रीधर व्यंकटेश केतकर कॉर्नेलला गेले, बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबियात होते, पांडुरंग खानखोजे ओरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांत शेतीशास्त्र शिकले. हे सगळे विद्यार्थी होते, बिऱ्हाडकरू नव्हेत. १९१७ च्या कायद्याने आशियाच्या बहुतेक भागांतून येणाऱ्यांना दार बंद झाले. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वही नाकारले. १९४६ मध्ये दार किलकिले झाले ते वर्षाला शंभर माणसांपुरते. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी नव्या कायद्यावर सही केली, देशवार कोट्याची जुनी पद्धत गेली, आणि मग डॉक्टर, इंजिनियर, संशोधक यांची रीघ लागली. मेडिकेअर ही वृद्धांसाठीची सरकारी आरोग्यविमा योजनाही त्याच वर्षीची, तेव्हा इस्पितळांना डॉक्टर हवेच होते.

या पहिल्या पिढीच्या गोष्टी एव्हाना मराठी घरांतून पाठ झालेल्या आहेत. परकीय चलनाच्या टंचाईमुळे खिशात आठ डॉलर, हातात लोकरी कोट, आणि दोन-तीन वर्षांनी रजा काढून लग्नाला मुंबई-पुण्याची फेरी. तीन आठवड्यांत मुली बघणे, लग्न, आणि नवरा परत. बायको व्हिसा मिळाल्यावर मागून यायची. नवऱ्याची कहाणी लिहिली-सांगितली गेली, कारण तिच्यात पराक्रम होता. मागून आलेल्या बायकोची कहाणी स्वयंपाकघरात आहे, आणि ती जास्त तपशीलवार पाहण्यासारखी आहे.

पटेल ब्रदर्सचे पहिले दुकान शिकागोच्या डेव्हन अॅव्हेन्यूवर १९७४ मध्ये निघाले. त्याआधी आणि मोठ्या शहरांपासून दूर तर त्यानंतरही बरीच वर्षे, घरचे जिन्नस मिळत नसत. तेव्हा सुपरमार्केटची फळी न् फळी धुंडाळून पर्याय शोधले गेले. क्रीम ऑफ व्हीट नावाच्या लापशीच्या डब्याचा उपमा झाला. राइस क्रिस्पीजची भेळ झाली आणि कॉर्नफ्लेक्सचा चिवडा. बिस्क्विक या तयार पिठात दूधपावडर मिसळून गुलाबजाम तळले गेले, आंबट सायीच्या डब्यांतून श्रीखंड आले, रिकोटा चीजची बर्फी थापली गेली. हिंगाची डबी तेवढी गावाहूनच यायची, आणि फोडणी दिली की छतावरचा धुराचा भोंगा केकाटायचा. मग एकाने खिडक्या उघडायच्या आणि दुसऱ्याने भोंग्याखाली टॉवेल फडकवत उभे राहायचे. हे पदार्थ गमतीचे म्हणून सांगितले जातात. त्यामागे परक्या देशाचा केवढा अभ्यास होता हे मात्र कुणी सांगत नाही. कोणत्या डब्यात जिलेटिन असते, कोणत्या बिस्किटात चरबी, कुठले ताक आपल्या ताकाजवळ जाते, हे बारीक अक्षरातली वेष्टने वाचून मागून आलेल्या बायकोने शिकून घेतले. नवऱ्याला अमेरिका कचेरीपुरती ठाऊक झाली, हिला ती बाजारातून, शाळेतून, शेजारणीकडून कळली. पंधरा-वीस वर्षांनी पाहिले तर मागून आलेलीच पुढे गेलेली असायची.

मंडळे उभी राहिली तीही याच घरांतून. शिकागोचे महाराष्ट्र मंडळ १९६९ चे. गावोगावच्या मंडळांना जोडणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये शिकागोतच स्थापन झाले आणि १९८४ मध्ये त्याचे पहिले अधिवेशन भरले. तेव्हापासून उत्तर अमेरिकेतली मराठी माणसे काही वर्षांआड एका शहरात जमतात. २०२४ चे अधिवेशन कॅलिफोर्नियात सॅन होजे येथे झाले. मुलांसाठी रविवारच्या मराठी शाळा आहेत आणि पुण्याच्या भारती विद्यापीठाच्या सहकार्याने त्यांच्या परीक्षाही होतात. तिथी मात्र वाकवाव्या लागल्या. गणपती कोणत्याही वारी येवोत, मंडळाचा गणपती शनिवारीच बसतो, कारण सभागृह तेव्हा मिळते आणि पार्किंगही. संक्रांतीचे हळदीकुंकू फेब्रुवारीत होणे आता कुणाला खटकत नाही. सनातन्यांनी नाके मुरडली तरी पंचांगापेक्षा माणसे जमणे महत्त्वाचे, हा निर्णय योग्यच म्हणावा लागेल.

१९९० च्या कायद्याने कुशल नोकरदारांसाठीचा एच-१बी व्हिसा आला आणि चित्र पालटले. आता जोडपी बहुधा एकत्र येतात, दोघेही शिकलेली, दोघेही नोकरी केलेली. उतरल्यावर पहिला आठवडा कागदांत जातो: सोशल सिक्युरिटी क्रमांक, बँकेचे खाते, भाडेकरार, वाहन परवाना. यात क्रेडिट हिस्टरी नावाची चीज मराठी मध्यमवर्गाला सर्वांत जास्त चक्रावून टाकते. अंथरूण पाहून पाय पसरणारा, आयुष्यात दमडीचे कर्ज न काढलेला माणूस तिथे पतहीन ठरतो, कारण कर्ज काढून ते वेळेवर फेडल्याचा पुरावा त्याच्याजवळ नसतो. मग बँकेत आपलेच काहीशे डॉलर अनामत ठेवून तेवढ्याच मर्यादेचे कार्ड घ्यायचे, त्यावर भाजी आणायची, आणि महिनाअखेर बिल भरून लायकी सिद्ध करायची. हा उद्योग नोकरी करणारा करतो. त्याच्या जोडीदाराला, एच-४ हा कुटुंबीयांचा व्हिसा असेल तर, सोशल सिक्युरिटी क्रमांकच सहसा मिळत नाही, कारण काम करण्याची परवानगी नसते. पुण्यात किंवा नाशकात पाच वर्षे प्रोग्रॅमर असलेली बाई कागदोपत्री 'अवलंबित' होते. क्वचित हा शिक्का नवऱ्यावरही बसतो, आणि तेव्हा घरात अधिक अवघड शांतता पसरते.

इथे इटलीत जाऊन राहणाऱ्या अमेरिकन जोडप्यांशी तुलना केली तर फरक लख्ख दिसतो. निवृत्तीनंतर टस्कनीत किंवा सिसिलीत घर घेणारे हे लोक बहुधा 'इच्छानिवासा'च्या व्हिसावर जातात. त्यासाठी पेन्शन किंवा ठेवींचे उत्पन्न दाखवावे लागते आणि तिथे नोकरी करण्याची मुभा नसते, दोघांपैकी कुणालाच. पोचल्यावर आठ दिवसांत राहण्याच्या परवान्याचा अर्ज दोघांनीही करायचा. अमेरिकन वाहन परवाना बदलून मिळत नाही, म्हणून दोघांनीही इटालियन भाषेतून लेखी परीक्षा द्यायची. कटकट भरपूर, पण ती समसमान आहे. शिवाय मनात आले तर परतायला घर आणि नागरिकत्व शाबूत. आणखी एक गोष्ट: अमेरिका आणि इटली यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार १९७८ पासून लागू आहे, त्यामुळे दोन देशांतल्या नोकरीची वर्षे पेन्शनच्या पात्रतेसाठी एकत्र धरता येतात. भारताशी अमेरिकेने असा करार केलेला नाही. त्यामुळे एच-१बीवरचा माणूस पगारातून ६.२ टक्के सोशल सिक्युरिटी भरत राहतो आणि सुमारे दहा वर्षे भरायच्या आत परतला, तर पेन्शनच्या नावाने त्याला काही मिळत नाही.

एच-४ वरची बंदी मे २०१५ मध्ये काही अंशी उठली. ज्यांच्या जोडीदाराचा ग्रीनकार्डाचा प्राथमिक अर्ज मंजूर झाला आहे, त्यांना कामाचा परवाना मिळू लागला. पण ग्रीनकार्डाची रांग हेच तर मोठे दुखणे आहे. नोकरीच्या आधारे वर्षाला साधारण एक लाख चाळीस हजार ग्रीनकार्डे दिली जातात आणि सर्वसाधारणपणे कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांहून अधिक मिळत नाहीत. आइसलँडलाही सात टक्के, भारतालाही सात टक्के. म्हणून भारतात जन्मलेल्या इंजिनियरला दहा वर्षांहून अधिक काळ ताटकळावे लागते. तेवढ्यात घर घेतले जाते, मुले अमेरिकन शाळेत वाढतात. भारतात जन्मलेले मूल एकवीस वर्षांचे झाले की आईबापांच्या व्हिसाचे छत्र त्याच्यावरून जाते आणि ज्या गावात ते लहानाचे मोठे झाले तिथे त्याला परदेशी विद्यार्थी म्हणून नव्याने व्हिसा काढावा लागतो. अशा माणसांना स्थायिक म्हणावे की नाही, याचे उत्तर कायदा देत नाही. त्यांच्या घरातला आंब्याच्या लोणच्याचा फ्रिजमधला कप्पा पाहिला तर ती स्थायिक आहेत. दर तीन वर्षांनी व्हिसाची मुदत संपत आली की नाहीत.

उतारवयात हा दोन वेगांचा प्रश्न पुन्हा डोके वर काढतो, बहुधा बाजू बदलून. जयवंत दळवींच्या 'संध्याछाया' नाटकाने इकडे राहिलेल्या आईवडिलांचे दुःख घराघरांत पोचवले. तिकडे गेलेला मुलगाच म्हातारा झाल्यावर काय होते, यावर मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही. सत्तरच्या दशकात गेलेली जोडपी आज ऐंशीच्या घरात आहेत. अनेक घरांत नवऱ्याला कोथरूडच्या किंवा ठाण्याच्या फ्लॅटची ओढ असते. मागून आलेल्या बायकोला मात्र तिची भिशी, ग्रंथालयातली ओळख, हाकेच्या अंतरावरची नातवंडे सोडवत नाहीत. फ्लोरिडात टव्हारेस येथे शांतिनिकेतन नावाची भारतीय ज्येष्ठांची वसाहत उभी राहिली, ती याच पेचातून.

भारतीय संविधान दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही, पण परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर भारतात आयुष्यभर राहता येते, फ्लॅट घेता येतो, आणि कमावलेली सोशल सिक्युरिटी पेन्शनही पुण्याच्या बँकेत येऊ शकते. मेडिकेअर मात्र अमेरिकेबाहेरच्या उपचारांचा खर्च, अगदी मोजके अपवाद सोडले तर, देत नाही. म्हणून परतणाऱ्यांनी मेडिकेअरचा 'पार्ट बी', म्हणजे डॉक्टरांच्या उपचारांचा हप्ता भरून घ्यायचा भाग, बंद करण्यापूर्वी दहादा विचार करावा. नातवंडांपाशी परत जायची वेळ आली आणि तो पुन्हा सुरू केला, तर मध्ये गेलेल्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे हप्ता १० टक्क्यांनी वाढतो आणि ही वाढ सहसा आयुष्यभर भरावी लागते, नवऱ्याला वेगळी आणि बायकोला वेगळी.