मसूरच्या गाडीचा रंग

स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने लेख मागितला, तेव्हा इतिहासाचा अध्यापक सनावळीचा एखादा लेख देईल अशी त्यांची अपेक्षा असावी. ती मोडून आम्ही एका खेळण्यातल्या आगगाडीविषयी लिहीत आहोत. प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत काचेच्या पेटीत ही गाडी उभी आहे. येणारा प्रत्येक पाहुणा ती पाहतो, "मुलांनी छान केली" असे म्हणतो आणि पुढे जातो. ती कशी झाली, आणि ती करताना आमचीच चूक कशी झाली, हे कोठेतरी नोंदलेले असावे म्हणून हा लेखनप्रपंच.

शाळेच्या एका हितचिंतकांनी इंग्लंडहून परतताना विजेवर चालणारी एक जुनी छोटी मालगाडी आणून दिली. सहा जोडचाकांचे हिरवे इंजिन, चार वाघिणी आणि रुळांचे एक वर्तुळ. वाघिणींवर तिकडच्या कोळसा व्यापाऱ्यांची नावे छापलेली होती. मुलांनी आठवडाभर ती गोल गोल फिरवली आणि नंतर ती कपाटात गेली. पुढे आठवीच्या वर्गात आम्ही बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनातील पहिला प्रसंग शिकवीत होतो. १९०१ सालच्या उन्हाळी सुटीत दहा वर्षांचे भीमराव, थोरले बंधू आणि सोबतची मुले साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघाली. दहा मैलांवरच्या स्थानकापर्यंत टांगा, तेथून मसूरपर्यंत आगगाडी. मसूरला उतरल्यावर न्यायला कोणीच आलेले नव्हते. पुढची कहाणी या शाळेतील प्रत्येक मुलास ठाऊक आहे. तास संपल्यावर एका मुलाने विचारले, "सर, कपाटातली गाडी मसूरची करता येईल?"

आम्ही लगेच होकार दिला. काम किती आहे याची आम्हांस कल्पना नव्हती.

पहिला प्रश्न मापाचा. पुणे-मिरज मार्ग त्या काळी सदर्न मराठा रेल्वेचा आणि मीटर गेजचा होता. दोन रुळांमधील अंतर एक मीटर. आमच्या खेळण्याच्या रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर. मुलांनी भागाकार केला, तेव्हा उत्तर साधारण साठ आले. म्हणजे सारे काही साठास एक या प्रमाणात केले, तर हेच रूळ मसूरच्या मार्गाचे म्हणून शोभतील. गंमत अशी, की ते खेळणे मुळात शहात्तरास एक या प्रमाणातले होते आणि त्या हिशेबाने त्याचे रूळ इंग्लंडच्या खऱ्या रुळांपेक्षा अरुंदच पडत होते. साहेबाच्या गाडीला साहेबाच्या देशात जे माप जुळले नाही, ते आमच्या मीटर गेजला जुळले. मात्र याचा अर्थ असा, की चाके आणि मोटर तेवढी ठेवायची आणि वरचा सारा सांगाडा मोठा करायचा.

त्यात तीन महिने गेले. वाघिणींच्या पेट्या काढून टाकल्या आणि पातळ प्लास्टिकच्या पत्र्यापासून चाळीस मिलिमीटर रुंदीचे तिसऱ्या वर्गाचे डबे उभे केले. इंजिनासाठी त्या काळी मीटर गेजवर सर्रास धावणाऱ्या 'एफ' वर्गातील इंजिनांची छायाचित्रे समोर ठेवली. याच वर्गातले एक इंजिन १८९५ मध्ये अजमेरच्या कारखान्यात तयार झाले आणि ते संपूर्णपणे भारतात बांधलेले पहिले इंजिन मानले जाते. आज ते दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. धुराडे बॉलपेनच्या टोपणातून निघाले, बाजूच्या नळ्या संपलेल्या रिफिलांतून आणि हातदांडे स्टेपलरच्या पिनांतून. डबे इतके हलके झाले, की वळणावर कलंडू लागले. तेव्हा तळाशी लोखंडी नट चिकटवले.

रंगाचे काम त्याहून अवघड. जुना रंग उतरवण्यासाठी आम्ही मुलांच्या हाती फर्निचरचा थिनर दिला. दहा मिनिटांत एका डब्याचे छत जिलबीसारखे वाकडे झाले. प्लास्टिकला तो थिनर चालत नाही, हे आम्हांस माहीत नव्हते. मुलाने मात्र दोष स्वतःकडे घेतला आणि तो दोन दिवस आमच्यासमोर आला नाही. त्यास बोलावून चूक आमची होती असे वर्गासमोर सांगितले. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरले. त्यात बुडवून जुन्या टूथब्रशने घासले, की तिकडच्या व्यापाऱ्यांची नावे हळूहळू सुटून आली.

मग साबणाच्या पाण्याने धुणे, बोटांचा तेलकटपणा लागू नये म्हणून कडेने धरणे, करड्या प्रायमरचा पातळ हात, एक दिवस थांबणे, आणि त्यावर ॲक्रिलिक रंगाचे दोन-तीन पातळ हात. मुलांना एकच जाड हात मारून मोकळे व्हायचे असते. जाड रंगाखाली रिबिटांचे बारीक ठिपके बुजतात, हे एक डबा वाया गेल्यावरच पटले. चाकांची कड मात्र कोरी ठेवावी लागते, कारण रुळांतली वीज तेथूनच मोटरपर्यंत जाते.

कोरी गाडी खेळण्यासारखी दिसते. तिला वापरातली करायची, तर मळवावी लागते. या बाबतीत आम्ही कोणाची शिकवणी घेतली नाही. आमचे वडील रेल्वेच्या गँगमध्ये होते. बालपणी त्यांना डबा पोहोचवायला गेल्यावर आम्ही गाड्या खालूनच पाहिल्या आहेत. गाडीचा मळ सगळीकडे सारखा नसतो. खाली चाकांपाशी ब्रेकच्या लोखंडी भुकटीचा तांबूस थर असतो, दारापाशी हात लागून लागून गुळगुळीत झालेला भाग असतो, छतावर धुराची काजळी असते आणि कडेने पावसाचे ओघळ असतात. खडू पॉलिश पेपरवर घासून त्याची पूड केली, मऊ कुंचल्याने ती बसवली आणि वर मंद वार्निशचा फवारा दिला. ते काम आम्ही दोन रात्री एकट्यानेच केले. वडील आज असते तर तांबूस रंग आणखी थोडा खाली घ्यायला सांगितला असता, असे वाटत राहिले.

आता आमची चूक. फलाटावर उभ्या करायच्या मुलांच्या मूर्ती मातीच्या होत्या, जेमतेम दोन सेंटिमीटरच्या. त्या आम्ही स्वतः रंगवल्या. मळकट पांढरा सदरा, बाहीवर फाटल्याची काळी रेघ, अनवाणी पाय. गाडीवर जो मळ चढवला, त्यातलाच उरलेला त्यांच्याही अंगावर चढवला आणि काम चांगले झाले या समाधानात झोपलो.

दुसऱ्या दिवशी आठवीतली एक विद्यार्थिनी पुस्तक घेऊन आली. शासनाने प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या बाराव्या खंडात हे आत्मकथन आहे. तिच्या हातात त्याचा मराठी अनुवाद होता. तिने उतारा आमच्यापुढे धरला. त्या प्रवासासाठी मुलांना नवे इंग्रजी धाटणीचे सदरे शिवले होते, चमकत्या नक्षीच्या टोप्या होत्या, नवे जोडे होते, रेशीमकाठी धोतरे होती. स्टेशनमास्तर आधी आपुलकीने बोलला तो या पोशाखामुळेच. मुले ब्राह्मणांची असावीत असे त्यास वाटले. जात कळल्यावर त्याचा चेहरा बदलला, आणि त्यानंतर दुप्पट भाडे देऊ केले तरी गाडीवान तयार होईनात.

"सर, यांना फाटके कपडे का दिले?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. हा उतारा आम्ही वीस वर्षे शिकवीत आहोत. इतिहासात एम. ए. केले आहे. आणि तरीही कुंचला हाती येताच अस्पृश्य मूल म्हणजे फाटके मूल, हे चित्र आमच्या हातातूनच उतरले. मुले फाटकी असती, तर त्यांना हाकलले ते गरिबीमुळे, अस्वच्छतेमुळे, असे म्हणायला कोणासही वाव राहिला असता. ती नीटनेटकी होती, तिकीट काढून आली होती, दुप्पट पैसे मोजायला तयार होती. आमच्या रंगाने त्या प्रसंगातला पुरावाच पुसून टाकला होता.

मूर्ती अल्कोहोलने पुसून पुन्हा रंगवल्या. या वेळी रंग तिने दिला. टोपीच्या कडेला सोनेरी रंग सुईच्या टोकाने लावला. धोतराचा काठ तिसऱ्या प्रयत्नात सरळ आला. जोड्यांना तिने चकचकीत वार्निश दिले. पेटीतली तेवढीच वस्तू आम्ही मळवलेली नाही.

यंदा बैलगाडीचे काम सुरू आहे. चाके बांबूच्या काड्यांची आहेत, आऱ्या नीट बसत नाहीत. गाडीवानाला कोठे ठेवायचे यावर मुलांची बरीच चर्चा झाली. शेवटी जो तयार झाला, तो मुलांनी स्वतः गाडी हाकावी आणि आपण बाजूने चालावे या अटीवर. म्हणून जूवर कोणीच नसेल. कासरा मुलाच्या हातात द्यायचा आहे, आणि त्यासाठी पुरेसा बारीक दोरा अजून मिळालेला नाही.