शिल्लक श्वास

श्वसनमापनाच्या यंत्रापाशी ज्याने उमेदीची वर्षे घालविली, त्याला माणसे चेहऱ्यापेक्षा उच्छ्वासाच्या आलेखावरून अधिक लक्षात राहतात, असे मी म्हटले तर अतिशयोक्तीचा आरोप माझ्यावर येईल आणि तो मला कबूल करावा लागेल. पाण्यात उलटी बुडविलेली धातूची हलकी घंटा, तिला तोलून धरणारी साखळी नि वजन, आणि फिरत्या नळकांड्यावरील कागदावर शाईची रेघ ओढणारी लेखणी, एवढाच आमच्या धंद्याचा सरंजाम.

त्याचा मूळपुरुष लंडनचा वैद्य जॉन हचिन्सन. नाविक, पोलीस, आगीच्या बंबावरचे लोक, कंगाल अशा दोन हजारांहून अधिक माणसांच्या छातीचा तपशील गोळा करून त्याने १८४६ मध्ये असा नियम बसविला की, पाच ते सहा फूट उंचीच्या टप्प्यात दर इंचामागे आठ घन इंच हवा अधिक बाहेर पडते. विमा उतरविणाऱ्या कचेऱ्यांनी माणसाचे आयुष्य या यंत्राने जोखावे, अशी त्याची खटपट होती. पुढे हे सारे टाकून तो ऑस्ट्रेलियात गेला आणि १८६१ मध्ये फिजी बेटांत वारला. पूर्ण भरलेल्या छातीतून जेवढी हवा काढता येते तिला त्याने दिलेले ‘व्हायटल कपॅसिटी’ हे नाव मात्र आजतागायत चालू आहे.

धडधाकट प्रौढ पुरुषात हे माप साडेचार-पाच लिटर भरते. स्वस्थ बसलेला तोच पुरुष एका श्वासाला जेमतेम अर्धा लिटर खर्ची घालतो, आणि त्यातलेही सुमारे १५० घन सेंटिमीटर श्वासमार्गातच राहून वाया जातात. या मापाची युरोपीय कोष्टके जशीच्या तशी लावली तर आपल्याकडचा निरोगी गडीही आजारी ठरतो, म्हणून कोष्टक कोणत्या मुलखाचे आहे हे आधी पाहावे. परंतु मुळात हा आकडा यंत्र आपण होऊन देत नाही. तो मागून घ्यावा लागतो. नाकाला चिमटा लावून स्टुलावर ताठ बसलेल्या माणसाला आपला दम संपला असे वाटते तेव्हा तो खरोखर संपलेला नसतो. अशा वेळी ‘सोडा, सोडा, अजून सोडा, थांबू नका’ असा घोष परीक्षकाने भीड न बाळगता केला नाही, तर कागदावर उतरते ते फुप्फुसाचे माप नसून परीक्षकाच्या संकोचाचे असते. पहिलवान छाती भरण्यात रमतात आणि रिकामी करताना कंटाळतात. चारचौघांत तोंडाने फुंकायला लाजणारी गृहिणी एकदा खुलली की अखेरपर्यंत नेटाने फुंकते, असा माझा अनुभव आहे.

आणि तरीही, कितीही ओरडा केला तरी सव्वा लिटरच्या आसपास हवा आत राहतेच. ही शिल्लक कोणत्याही तगाद्याने वसूल होत नाही, म्हणून घंटेला ती कधी कळत नाही. ती मोजायला आम्ही हेलियमची ठराविक मात्रा मिसळलेली हवा बंद नळीतून रुग्णाला काही मिनिटे घ्यायला लावतो. हा वायू रक्तात जवळजवळ विरघळत नसल्यामुळे त्याचे प्रमाण जितके उतरते तितक्यावरून आत दडलेल्या हवेचा हिशेब निघतो. शांत उच्छ्वासाच्या अखेरीस छातीत अडीच लिटरच्या आत-बाहेर जुनी हवा असते नि तिच्यात जेमतेम साडेतीनशे घन सेंटिमीटर ताजी हवा मिसळते, म्हणूनच दोन श्वासांच्या मधल्या अवकाशात रक्तातील प्राणवायू हेलकावे खात नाही. जन्मतः एकदा श्वास घेतलेले फुप्फुस पाण्यावर तरंगते, न घेतलेले बुडते, ही अदालतीतील जुनी कसोटीही याच शिलकेवर उभी होती. मात्र शव कुजले की ती दगा देते, आणि तिच्या भरवशावर शिक्षा ठोठावणे मला कधीच रास्त वाटले नाही.

विडीच्या किंवा चुलीच्या धुराने ज्यांच्या वायुकोशांच्या भिंती झिजल्या आहेत, त्यांच्यात हीच शिल्लक दुपटीवर जाते. ‘श्वास आत जात नाही हो’ अशी त्यांची तक्रार असते, आणि सोबत आलेला मुलगाही ‘बाबा, दीर्घ श्वास घ्या’ म्हणून पाठ चोळीत असतो. प्रत्यक्षात छाती आधीच काठोकाठ भरलेली, फासळ्या वर उचललेल्या, आणि नव्या हवेला जागाच नसते. अशा वेळी मी मुलाला बाजूस बसवितो आणि म्हाताऱ्यांना सांगतो की, आजोबा, घेण्याची घाई नको. ओठांचा चंबू करून सावकाश सोडत राहा.