पडद्यावरचा गुलाबजाम, गॅसवरचा गुलाबजाम

चि. ओंकार,


सचिन कुंडलकरांचा ‘गुलाबजाम’ पाहिलास आणि रात्रीच्या रात्री ‘आत्या, कृती पाठव’ असा मेसेज टाकलास. कृती काय, फोनवरही सांगता आली असती. पण सिनेमा आणि स्वयंपाक हे दोन्ही विषय एकदम निघाल्यावर मला थोडक्यात आवरत नाही, म्हणून हे पत्र.

सिनेमा पाहून कढई काढतोस म्हणून तुझे मित्र हसतात, असं लिहिलंयस. हसू देत. हे वेड जुनं आहे. आमच्या पिढीला कमलाबाई ओगल्यांनी शिकवलं. ‘रुचिरा’ १९७० सालचं. माप सगळं वाटी-चमच्यांत, त्यामुळे घरात तराजू नसला तरी अडायचं नाही. मग १९९३मध्ये झी टीव्हीवर ‘खाना खजाना’ आला आणि संजीव कपूरच्या नादाने पनीर हॉटेलातून उठून घरच्या ताटात आलं. पुढे ‘आम्ही सारे खवय्ये’मध्ये प्रशांत दामले एक घास खाऊन अशी दाद द्यायचे, की आपणही काहीतरी करावं असं वाटायचंच. परीक्षक किती का तारे देईनात, जो सिनेमा माणसाला उठवून गॅसपाशी नेतो तो मी पास करते.

या सगळ्यांत खोट एकच. टीव्हीवर कांदा नेहमी आधीच चिरलेला असतो. ‘आता वीस मिनिटं शिजू द्या’ म्हणेपर्यंत शिजलेलं पातेलं हजर! त्यामुळे पाहणाऱ्याला वाटतं की स्वयंपाक म्हणजे फोडणी देणं आणि वर कोथिंबीर भुरभुरणं. ‘गुलाबजाम’ मला आवडतो तो इथे वेगळा आहे म्हणून. लंडनची बँकेतली नोकरी सोडून पुण्यात आलेला आदित्य, आणि डबे करणारी राधा. सोनाली कुलकर्णीची राधा त्याला सुखासुखी शिकवायला तयार होत नाही, हे मला फार पटलं. रोज डबे भरणाऱ्या बाईला कुणाची हौस पुरवायला वेळ कुठला?

आता कृती. तिकडे गुलाबजामचा ताजा खवा मिळणार नाही, तेव्हा मिल्क पावडर घे. एक वाटी पावडर, पाव वाटी मैदा, चिमूटभर सोडा, चमचाभर तूप. दूध एकदम ओतू नकोस, चमच्याचमच्याने घाल. गोळा हाताला किंचित चिकटायला हवा. पावडर दूध पीत राहते, दहा मिनिटांत तो आपोआप आवळून येतो. कणकेसारखा तिंबायचा नाही, हलक्या हाताने एकजीव करायचा. गोळ्या लहान वळ, तळताना आणि पाकात फुगतात. वरून भेगा दिसल्या तर पीठ कोरडं आहे, दुधाचा हात लाव.

पाक आधी करून ठेव. दीड वाटी साखर, तेवढंच पाणी, वेलची. बोटांना चिकट लागला की बंद. तार येईपर्यंत आटवलास तर तो आत शिरणारच नाही. आणि तळणीची घाई नको. तेल कडक तापलं की गुलाबजाम बाहेरून दोन मिनिटांत छान तांबूस होतो आणि आत कच्चं पीठ राहतं. आच मंद ठेव, झाऱ्याने तेल हलवत राहा, गोळे आपोआप फिरतात. आधी एकच तळून पाहा. फुटला, तर पिठात थोडा मैदा वाढव. गरम गोळे गरम पाकात टाक आणि निदान दोन तास झाकण उघडू नकोस.

हे दोन तास कुठलाही सिनेमा दाखवत नाही. त्या वेळात तू ‘द लंचबॉक्स’ पाहा. २०१३चा आहे. इरफान आणि निम्रत कौरचं कौतुक सगळेच करतात. मी मात्र देशपांडे आंटीची चाहती. अख्ख्या सिनेमात ती दिसत नाही, फक्त भारती आचरेकरांचा आवाज. वरच्या मजल्यावरून वासावर भाजीची परीक्षा करते आणि टोपलीतून मसाला खाली सोडते. घरात नवरा वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेला. तिच्या स्वतःच्या ताटात काय असेल, हे कुणी विचारत नाही.

‘इंग्लिश विंग्लिश’ तू पाहिलेला आहेस. त्यातल्या शशी गोडबोलेच्या लाडवांचं घरात कौतुक होतं, पण ते कौतुकच तिला खाली बसवतं. तोच धागा जिओ बेबी यांनी २०२१च्या ‘द ग्रेट इंडियन किचन’मध्ये शेवटपर्यंत ताणला. मल्याळम आहे, सबटायटल्स वाच. त्यात सासऱ्यांना भात चुलीवरचाच हवा आणि चटणी पाट्यावरचीच. सिंकचा पाइप गळतोय, आणि प्लंबरला सांगायचं नवरा रोज विसरतो. पार्श्वसंगीत जवळपास नाहीच. चिरणं, कुटणं, घासणं एवढेच आवाज. चिरलेल्या कांद्याच्या वाट्या आयत्या कुठून येतात, ते इथे कळतं. तो पाहून काही पुरुष चिडले, काही गप्प झाले. तू यांपैकी काहीच करू नकोस, ओटा पुसून घे.

मेसेजच्या शेवटी तू लिहिलंस, ‘आईच्या हातची चव मात्र येणार नाही’. वहिनीला हे वाक्य पाठवू नकोस. रविवारी तिला फोन कर, आणि या वेळी कृती विचारू नकोस. तिला स्वतःला काय खायला आवडतं ते विचार, आणि दिवाळीला आलास की तेच करून घाल.

तुझी,
आत्या