जुन्या गांवांतील घर

लग्न पाहावें करून आणि घर पाहावें बांधून, असें आपले वडील लोक सांगत आले आहेत. परंतु दुसऱ्यानें शेंकडों वर्षांपूर्वीं बांधलेलें घर विकत घेऊं पाहणाराची कसोटीही कांहीं कमी नसते, हें गतवर्षीं उन्हाळ्याच्या सुटींत आम्हांस जवळून पाहावयास मिळालें. आमचे धाकटे बंधु इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथें पुष्कळ वर्षें नोकरीस होते. मोठ्या शहराची गडबड सोडून एखाद्या लहानशा बाजारगांवीं जाऊन राहावें, असें त्यांच्या व आमच्या भावजयीच्या मनांत आलें, आणि त्यांनीं लडलो या गांवीं एक घर पसंत केलें. आम्ही त्यांच्याकडे उतरलों होतों तेव्हां हा व्यवहार चालू होता. त्यांतील कांहीं गोष्टी आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगाव्याशा वाटतात.

लडलो हें श्रॉपशर परगण्यांत, वेल्सच्या सीमेजवळ, टीम नदीच्या कांठीं एका टेकडीवर वसलेलें आहे. वस्ती सुमारें दहा हजारांची. अकराव्या शतकाच्या अखेरीस नॉर्मन सरदारांनीं येथें किल्ला बांधावयास आरंभ केला, व पुढील शतकांत त्याच्या आश्रयानें आंखीव रस्त्यांचें गांव उभें राहिलें. रस्त्याकडे अरुंद तोंड आणि मागें लांबच लांब परसूं, असे जमिनीचे पट्टे त्या वेळीं पाडले गेले. आजही अनेक घरांच्या हद्दी त्यांस धरूनच आहेत. तटाच्या वेशींपैकीं ब्रॉड गेट तेवढी शिल्लक आहे. किल्ल्यासमोरील चौकांत सोमवार, बुधवार, शुक्रवार व शनिवार या दिवशीं बाजार भरतो; भाजी, पाव, जुनीं पुस्तकें यांच्या पालांमधून फिरतांना आम्हांस आपल्या आठवडेबाजाराची आठवण झाली. जवळच अठराव्या शतकांतील ‘बटरक्रॉस’ नांवाची इमारत आहे. तिच्या कमानींखालीं पूर्वीं लोणी विकावयास येई. गांवांत सुमारें ५०० इमारती सरकारच्या संरक्षित यादींत आहेत. बंधूंनीं पाहिलेलें घर त्यांपैकींच एक होतें: समोरून विटांचें नीटनेटकें तोंड, आणि आंत त्याहून जुना ओक लांकडाचा सांगाडा.

आपल्याकडे घराचा सौदा ठरला कीं इसार देतात, आणि मग माघार घेणाराची अब्रू जाते. इंग्लंडांतील रीत निराळी आहे. विकणारानें किंमत मान्य केली, तरी दोन्ही पक्षांच्या करारपत्रांची अदलाबदल होईपर्यंत कोणीही कायद्यानें बांधला जात नाहीं. इसाराची रक्कम, साधारणतः किंमतीचा दहावा हिस्सा, त्या अदलाबदलीच्या वेळीं द्यावयाची. तोंवर महिने लोटतात. वकील दप्तरें तपासतो, नदीचें पाणी तेथवर येतें काय याची चौकशी करतो. ही चौकशी नुसती रीत म्हणून करीत नाहींत. २००७ सालच्या जूनमध्यें महापुरानें या गांवचा कॉर्व्ह नदीवरील एक पूल वाहून नेला होता.

घराची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाचा अहवाल आला, आणि बंधूंचा चेहरा उतरला. मागील भिंतीस पूर्वीं कोणी तरी सिमेंटचा गिलावा केला होता. जुन्या भिंतींत ओल शिरते आणि चुन्याच्या गिलाव्यांतून ती बाहेर पडते. सिमेंटनें ती कोंडली जाते, व आंतील लांकूड कुजूं लागतें. शिवाय एका खिडकीस परवानगीवांचून प्लास्टिकची चौकट बसविलेली आढळली. १९९० च्या कायद्याप्रमाणें संरक्षित इमारतींत असा फेरबदल करणें हा गुन्हा आहे. आणि चूक मागील मालकाची असली, तरी ती सुधारण्याचा हुकूम नव्या मालकावर येऊं शकतो. मित्रांनीं सल्ला दिला, “सोडा हें घर. आपल्या पैशानें घेतलेल्या घरांत खिडकी बदलावयास दुसऱ्याची परवानगी कशाला मागावी?”

प्रश्न रास्त होता. त्याचें उत्तर आम्हांस घर विकणाऱ्या वृद्ध बाईंच्या तोंडून मिळालें. त्या विधवा होत्या व मुलीकडे राहावयास जात होत्या. चहा देतांना त्या सहज बोलून गेल्या कीं, या घरांत आपण चाळीस वर्षें राहिलों खरें, पण घर कधीं आपलें वाटलें नाहीं. पुढें येणाराचें म्हणून सांभाळलें, इतकेंच. खिडकीचा दोष त्यांच्याही आधींचा होता. तरी परिषदेकडे अर्ज करून लांकडी खिडकी बसविण्याचा खर्च त्यांनीं आपल्याकडे घेतला. मध्यंतरीं दुसऱ्या एका गिऱ्हाइकानें अधिक किंमत देऊं केली. करार झाला नव्हता, कायद्याची आडकाठी नव्हती. तरी बाईंनीं दिलेला शब्द मोडला नाहीं.

ज्या रात्रीं बंधूंनीं घर घेण्याचा निश्चय केला, त्याच रात्रीं त्यांनीं आईस फोन केला. आई आमच्याजवळ राहते. वडिलांचें गांवचें घर कुलूपबंद आहे. सर्व ऐकून घेऊन ती म्हणाली, “तिकडे घर घेतोस, म्हणजे आतां इकडे कायमचा येत नाहींस, असेंच ना रे?” बंधु बराच वेळ गप्प राहिले. मग आईच पुढें म्हणाली, “परक्या मुलखांतलें जुनें घर जपायला निघालास, चांगलें झालें. आपल्या घराचीं कौलें दोन पावसाळे गळताहेत, तेवढें ध्यानांत असूं दे.”

ऑक्टोबरांत व्यवहार पुरा झाला. डिसेंबरांत बंधु गांवीं आले, त्यांनीं कुलूप काढलें, कौलें चाळलीं, आणि भिंतीस सिमेंट फांसूं पाहणारास थांबवून गांवच्या म्हाताऱ्या गवंड्याकडून चुना भिजत घालविला. आई अंगणांत बाज टाकून पाहत बसली होती. कायमचें येण्याविषयीं त्यांनीं वचन दिलें नाहीं, व तिनेंही पुन्हां विचारलें नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, दाम मोजणारा धनी होतो, हें व्यवहारांत खरें आहे. परंतु जी वस्तु आपल्या आधींपासून आहे व आपल्या मागेंही राहावयाची आहे, तिचे आपण धनी नव्हे, कारभारी असतों. आणि कारभाऱ्यास केव्हां तरी हिशेब द्यावा लागतो. हें समजण्यास लडलोपर्यंत जावयास नको. ज्या बांकावर आपण बसतां, त्यावर पूर्वीं कोणी तरी बसलें होतें व पुढेंही कोणी बसणार आहे. त्यावर नांव कोरण्यापूर्वीं एवढें मनांत आणावें.