जॅक उचलतो, धरत नाही

दादाने गेल्या दिवाळीत सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेतली. दोन दारं, दोन सीट आणि जमिनीला टेकल्यासारखी ठेंगणी. आई पहिल्यांदा आत बसली तेव्हा म्हणाली, "गाडीत बसलेय की पाटावर?" बाबा मात्र काहीच बोलले नाहीत. फोटो बघून फोन बाजूला ठेवला, बस्स. तेव्हापासून दोघांचं बोलणं "जेवलास का?" यापुढे जात नव्हतं.

बाबांचं कराडला छोटं गॅरेज होतं. दादाला इंजिनिअर करायचं म्हणून त्यांनी त्याला कधी पान्याला हात लावू दिला नाही. दादा आज ओरगडमच्या एका कारखान्यात नोकरी करतो. चेन्नईजवळचं हे गाव म्हणजे गाड्यांचं माहेरघर. रेनो, भारतबेंझ, रॉयल एनफिल्ड, अपोलो टायर्स, सगळ्यांचे कारखाने इथे. रस्त्यावर नव्या कोऱ्या गाड्या लादलेले लांबच लांब ट्रेलर सतत जात असतात. मी दादा-वहिनींकडे राहून घरूनच कंटेंट रायटिंग करते.

पोंगलच्या सुट्टीत वहिनी म्हणाली, नवीन गाडी घेतलीय, सिंगपेरुमाळ कोविलला नरसिंहाचं दर्शन तरी घेऊन या. तिला सुट्टी नव्हती, म्हणून आम्ही दोघं बहीण-भाऊ निघालो. दर्शन झालं, चाकांखाली लिंबंही चिरडली. परतताना ओरगडमच्या अलीकडे खड्ड्याची धारदार कड लागली आणि पुढचं डावं चाक बसलं. टायर बाजूने फाटला होता. तिथे पंक्चर काढून भागत नाही, चाकच बदलावं लागतं.

"दहा मिनिटांचं काम आहे," दादा म्हणाला. "फॉर्म्युला वनमध्ये तर दोन सेकंदही लागत नाहीत." कधी कधी ते खरंही असतं. 2023 मध्ये कतारच्या शर्यतीत मॅक्लारेनच्या टीमने चारही टायर 1.80 सेकंदांत बदलले होते. पण तिथे वीसेक माणसं असतात आणि प्रत्येकाने तेच एक काम हजारदा केलेलं असतं. आम्ही दोघंच होतो आणि दोघांनीही आयुष्यात एकदाही चाक बदललं नव्हतं.

मला मात्र खात्री होती की मला येतं. कारण दोनच महिन्यांपूर्वी मी एका क्लायंटसाठी 'टायर कसा बदलावा: सात सोप्या पायऱ्या' असा लेख लिहिला होता. तिसरी पायरी एका वाक्याची होती: 'जॅक लावून गाडी उचला.'

रस्त्याच्या कडेला, मातीवरच, दादाने डिकीतला घडीचा जॅक लावला आणि हँडल फिरवायला लागला. मला काय वाटलं कोण जाणे, मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. दादाने डोळे वटारले. गाडी वर यायला लागली आणि कट्कन आवाज आला. जॅक बरोबर बसलाय का ते बघायला दादाने गाडीखाली हात घातला.

"हात काढ!" बाबा फोनमधून एवढ्या जोरात ओरडले की माझ्या हातून फोन पडता पडता राहिला.

दादाने हात मागे घेतला. जॅक मातीत तिरका झाला, घसरला आणि गाडी धप्पकन खाली बसली. जिथे त्याचा हात होता तिथे आता चार बोटांचीही जागा उरली नव्हती.

आम्ही दोघं गप्प. बाबांचा आवाज एकदम खाली आला. "आता काही करू नका. गाडीत बसू नका, रस्त्याच्या बाजूलाही उभं राहू नका. मागे त्रिकोण लाव. कुणीतरी माणूस शोधा."

सणामुळे दुकानं बंद होती, पण पलीकडे लॉऱ्यांचे पंक्चर काढणारे एक अण्णा उघडं ठेवून बसले होते. मी जाऊन हातवारे करून सांगितलं. खांद्यावर लॉरीचा जॅक टाकून ते आले. कित्येक टनांची लॉरी उचलणारा तो उभा बाटलीसारखा जॅक त्यांनी आमच्या गाडीशेजारी ठेवला आणि हसायलाच लागले. गाडीखालची फट जॅकच्या निम्म्याएवढीही नव्हती. साध्या हॅचबॅकखाली साधारण 160-170 मिलिमीटर जागा असते, या गाडीखाली 110 च्या आसपास. त्यात टायर बसलेला, म्हणजे त्या कोपऱ्यात आणखी कमी.

मग अण्णांनी जे केलं ते मी उभी राहून शाळेतल्या मुलीसारखं बघितलं. बाबा फोनवरून बघत होते.

आधी गाडी अगदी हळूहळू दहा पावलं पुढे घेऊन एका बंद दुकानापुढच्या सपाट सिमेंटवर आणायला लावली. मऊ जमिनीत जॅक रुततो आणि उतारावर गाडी सरकते. मग बसलेल्या चाकापुढे दोन जाड फळ्या टाकल्या. "मेदुवा, मेदुवा," म्हणजे हळू, हळू, असं म्हणत चाक फळ्यांवर चढवलं. गाडीचा तो कोपरा दोन इंच वर आला. आता चपटा, चाकांचा जॅक आरामात आत जाऊ शकत होता. ठेंगण्या गाडीची सगळी मेख एवढीच: जॅकसाठी जागा आधी करायची.

हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये ठेवली. तिरक्या कोपऱ्यातल्या, म्हणजे मागच्या उजव्या चाकाला दोन्हीकडून दगड लावले. चाकाचे बोल्ट गाडी खाली असतानाच अर्धा फेरा सैल केले. वर उचललेल्या गाडीवर पान्याला जोर लावला तर गाडीच हलते.

मग ते सिमेंटवर आडवे झाले आणि दादाला बोट दाखवलं. गाडीच्या कडेला खाली प्लास्टिकचा पट्टा असतो. आमचा जॅक त्यालाच लागला होता, म्हणून तो कट् आवाज. खरी जागा आत, चाकाच्या जरा मागे, पत्र्याच्या मजबूत पट्टीवर असते. प्रत्येक गाडीची जागा वेगळी, ती तिच्या पुस्तकात चित्रासकट दिलेली असते. आमचं पुस्तक ग्लव्हबॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत होतं. दादाने ते कधी उघडलंच नव्हतं.

जॅकवर रबराचा तुकडा ठेवून गाडी उचलली. चाक अधांतरी झाल्यावर अण्णांनी फळ्या काढल्या आणि लाकडी ठोकळे एकमेकांवर आडवे-उभे रचून जॅकशेजारी त्याच मजबूत पट्टीखाली सारले. मगच चाकाला हात लावला.

"बघितलंस?" फोनमधून बाबा म्हणाले. "गॅरेजात आम्ही घोडी लावतो, त्याने ठोकळे लावले. जॅक उचलतो रे, धरत नाही. धरायला दुसरं काहीतरी लागतं."

स्टेपनी बारीक होती, ताशी 80 च्या आत चालवा असं तिच्यावरच लिहिलेलं. ती बसवली, बोल्ट आधी हाताने, मग आलटून-पालटून समोरासमोरचे आवळले. ठोकळे काढून गाडी खाली घेतली आणि पुन्हा एकदा पक्के आवळले. अण्णांनी स्टेपनीची हवा तपासली, ती निम्मीच होती, भरून दिली. "पन्नासेक किलोमीटरनंतर परत आवळून घे," हे बाबांचं. सगळं मिळून दीड तास लागला.

रात्री दादाने स्वतःहून कराडला फोन लावला. स्पीकर चालू होता. बाबांच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी आहे. लहानपणी विचारलं की म्हणायचे, दारात सापडली. त्या रात्री पहिल्यांदा खरं सांगितलं. एक गिऱ्हाईक उभ्या उभ्या घाई करत होतं. घोडी चार पावलांवर पडली होती. "एकच नट काढायचा होता. म्हटलं, कशाला आणायची."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग बाबा म्हणाले, "तुला शिकवलं नाही, ती माझी चूक. वाटायचं, तुला गाडीखाली जायची वेळच येऊ नये." दादा म्हणाला, "मेमध्ये येतो. शिकवा." मग अर्धा तास दोघं त्या गाडीबद्दलच बोलत बसले.

मी माझ्या खोलीत येऊन तो लेख उघडला. सात सोप्या पायऱ्या. चार-पाच ठिकाणी वाचून, नीट शब्द जुळवून लिहिलेल्या. भाषेत एकही चूक नव्हती. पण कुणीतरी रस्त्याच्या कडेला फोनवर हा लेख वाचत तिसऱ्या पायरीवर पोचलं असेल, आणि पुढे हात कुठे घालायचा नाही हे त्यात कुठेच नव्हतं.

सकाळी क्लायंटला कळवलं आणि लेख दुरुस्त करून पाठवला. 'जॅक लावून गाडी उचला' याच्या आधी पाच वाक्यं आली, नंतर तीन. क्लायंटचं उत्तर आलं: छान, पण आता सोप्या पायऱ्या वाटत नाहीत.

मी शीर्षकातला 'सोप्या' शब्द काढून टाकला.